रिकाम्या जागेतला लूम

आमच्यात आत्मा मानत नाहीत. आत्माच नाही म्हटल्यावर भूत व्हायची सोयच नाही. माझे वडील दामू जन्मभर लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवून गेले, ते गेले. मागे रेंगाळायचा प्रश्न येत नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून आमच्या विहारातली चार शहाणी माणसं मला रस्त्यात गाठणार, आणि तेव्हा मला हे पान काढून त्यांच्या तोंडावर धरता आलं पाहिजे.

मी सुगत. भिवंडीत कोनच्या रस्त्याला एका गोदामात सुपरवायझर. दहावी नापास. लिहायला मला कोणी शिकवलं नाही, त्यामुळे कुठं थांबायचं हेही कोणी शिकवलेलं नाही. वर्तमानपत्रांना मी पत्रं लिहितो. ती छापत नाहीत. छापण्यासारखी नसतात म्हणून नाही, खरी असतात म्हणून. असो.

भानगड सुरू झाली माझ्या मुलीच्या अभ्यासावरून. धम्मदिना, घरात नुसती दिना, बारावीला. घर दोन खोल्यांचं. डोक्यावर वरच्यांचा मिक्सर, एका भिंतीला शेजाऱ्यांचा टीव्ही, दुसऱ्या भिंतीला जिना, आणि घरात मी. माझी बायको क्षितिजा म्हणते की तिन्हींपेक्षा माझाच आवाज मोठा आहे. तिनं एक दिवस भाजी निवडता निवडता, मान वर न करता, निकाल दिला.

"दिवाळीपर्यंत हिला बसायला जागा झाली नाही तर नाशिकला दादाकडे पाठवणार. तिथं हिला स्वतंत्र खोली आहे."

दादा म्हणजे माझा मेहुणा. त्याच्या घरात बुटांसाठी वेगळं कपाट आहे आणि ते तो पाहुण्यांना उघडून दाखवतो. माझी पोरगी त्या कपाटाशेजारी बसून डॉक्टर होणार आणि तो जन्मभर सांगत फिरणार, "आमच्याकडे राहिली म्हणून झाली." मी म्हटलं, मेलो तरी चालेल, पोरगी नाशिकला जाणार नाही.

जागा होती. आमच्या नूर मंझिलचा आख्खा तळमजला म्हणजे बंद पडलेली लूमची शेड. लूम भंगारात गेले त्याला बरीच वर्षं झाली. फरशीत बोल्ट तेवढे उभे, तेलाचे काळे डाग, आणि छताच्या पंख्यांना लोंबणारी रुईची लव, म्हाताऱ्याच्या दाढीसारखी. माझे वडील इथंच कामाला होते. शेडचे मालक फखरुद्दीनशेठ पहिल्या मजल्यावर राहतात आणि सोसायटीचे चेअरमनही तेच आहेत. मी त्यांच्याकडे गेलो आणि म्हटलं, तिथं मुलांसाठी अभ्यासिका काढू.

"काढा की सुगतभाऊ," शेठ म्हणाले. "जागा नुसतीच पडून आहे. पण दोन गोष्टी. एक, बिल्डिंगमधली सगळी पोरं आली पाहिजेत. नाहीतर लोक बोलतील, चेअरमननं एकाच घराला जागा दिली. दुसरी, खालचं मीटर अजून लूमचंच आहे. ते साधं करून घ्या, तोपर्यंत मेन स्विच वर करायचा नाही. ते काम तुमचं. तुम्हाला पत्रं लिहायची सवय आहे."

टोमणा होता. मी गिळला.

पोरांना अभ्यासिकेत आणायचं तर आमिष पाहिजे. गोदामातून मोडीत निघालेला एक कॉम्प्युटर मी मागून आणला, आणि जिन्यातल्या दिव्यापासून एक वायर ओढून त्याला तात्पुरता जीव दिला. त्यात टाकायला खेळ शोधला. गोळ्या झाडायचे खेळ मला चालत नाहीत. शोधता शोधता एक फुकटचा शब्दखेळ सापडला. तो असा. कॉम्प्युटर तुम्हाला शब्द मागतो. एका माणसाचं नाव दे, एक जागा दे, एक आवाज दे. कशासाठी ते सांगत नाही. तुम्ही मनाला येईल ते देता, तो ते आपल्याजवळच्या गोष्टीतल्या रिकाम्या जागांमध्ये कोंबतो आणि मग आख्खी गोष्ट दाखवतो. ती नेहमी येड्यासारखी होते. पोरं हसून लोळतात आणि हसता हसता शब्द शिकतात. खेळ इंग्रजी होता, पण त्यात आपली गोष्ट घालता येत होती. मी बसलो आणि मराठी गोष्ट लिहिली. माझी छापून न आलेली, पण लोकांनी वाचलेली ही पहिलीच गोष्ट.

"एक होता राजा. त्याचं नाव अमुक. तो अमुक ठिकाणी बसून लग्नाला निघाला. वाटेत अमुक असा आवाज झाला. राजा ओरडला, 'अमुक!' आणि मग तो जन्मभर अमुक करत राहिला."

माझी खात्री होती की पोरं जागा म्हटल्यावर संडास लिहिणार. राजा संडासात बसून लग्नाला निघणार. याहून जास्त अपेक्षा मी साहित्याकडून करत नाही.

पण सोसायटीची कमिटी ती कमिटी. पोरांनी खेळण्याआधी मोठ्यांनी खेळून बघायचं, मनावर काही वाईट परिणाम होतो का ते तपासायचं, असा ठराव झाला. रविवारी दुपारी जेवणं उरकून कमिटी खाली आली. कमिटी म्हणजे फखरुद्दीनशेठ, दुसऱ्या मजल्यावरच्या जोहराभाभी आणि आमच्या शेजारच्या सीताबाई. जोहराभाभींचा नवरा अरशद या शेडचा मुकादम होता. सीताबाईंचा भाऊ चांगो इथंच लूमवर होता. दोघेही आता नाहीत.

एकानं आत बसायचं, बाकीच्यांनी बाहेर पायरीवर. कॉपी नको म्हणून मी कॉम्प्युटरच्या तिन्ही बाजूंना खोक्याचे पुठ्ठे उभे केले. पहिल्या सीताबाई. त्यांना लिहिता येत नाही. त्या दिनाच्या कानात सांगणार आणि दिना टाइप करणार.

"काय बी सांगू?"

"काय बी सांगा आजी. सुचेल ते."

दोघींची कुजबुज झाली. दिनानं बटण दाबलं आणि मोठ्यानं वाचायला लागली. वाचता वाचता तिचा आवाज उतरला.

"एक होता राजा. त्याचं नाव चांगो. तो खालच्या शेडमध्ये बसून लग्नाला निघाला. वाटेत खटाक खट, खटाक खट असा आवाज झाला. राजा ओरडला, 'तार तुटली!' आणि मग तो जन्मभर गाठ मारत राहिला."

कोणी हसलं नाही. लूमवर सुताची तार तुटली की लूम थांबतो, कारीगर गाठ मारतो आणि लूम पुन्हा चालू होतो, हे तिथं सगळ्यांनाच माहीत होतं. मी म्हटलं, सीताबाई, भावाची आठवण आली असेल, ठीक आहे, आता भाभी. जोहराभाभी आत गेल्या. त्यांनी स्वतः एका बोटानं टाइप केलं.

एक होता राजा. त्याचं नाव अरशद. तो शेडमध्ये बसून लग्नाला निघाला. वाटेत खटाक खट असा आवाज झाला. राजा ओरडला, "तार टूटा!" आणि मग तो जन्मभर गाठ मारत राहिला.

"भाभी, तुम्ही बाहेरून ऐकलंत," मी म्हटलं.

"मी कशाला ऐकू? अर्शीचा मिस्डकॉल आला होता, मी तिला फोन लावत होते," भाभी म्हणाल्या. अर्शी त्यांची भाची. भाभींच्या हातात खरंच फोन होता, आणि पलीकडून कोणीतरी हॅलो हॅलो करत होतं.

मग शेठ. त्यांना मी रस्त्याच्या पलीकडे टपरीवर उभं केलं होतं. तिथून त्यांना आणून थेट खुर्चीत बसवलं.

एक होता राजा. त्याचं नाव अब्बा. तो आपल्या शेडमध्ये बसून लग्नाला निघाला. वाटेत खटाखट खटाखट असा आवाज झाला. राजा ओरडला, "लूम का थांबला?" आणि मग तो जन्मभर लूम चालवत राहिला.

आता माझं डोकं फिरलं. मी अंधश्रद्धेविरुद्ध विहारात भाषणं करणारा माणूस. मी म्हटलं, सरका, हा सगळा सवयीचा खेळ आहे, भिवंडीच्या माणसाला आवाज म्हटलं की लूमच आठवणार, बघा मी कसा करतो. मनात शब्द पक्के केले. नाव भोपळा, जागा बादली, आवाज फुस्स. बसलो, बोटं चालवली, बटण दाबलं, आणि ऐटीत मोठ्यानं वाचायला लागलो.

"एक होता राजा. त्याचं नाव दामू."

पुढचं मी वाचलं नाही. पडदा बंद केला. पण दिना माझ्या खांद्यामागे उभी होती आणि तिनं वाचलं होतं.

सीताबाईंनी पदर तोंडाशी धरला.

"म्हंजे तुमालाबी येतोय तो आवाज?"

मग एकेक बाहेर यायला लागलं. सीताबाईंना तो दुपारी आडवं पडल्यावर यायचा. गुडघ्याच्या गोळ्यांनी कान वाजतात असं त्यांना वाटलेलं. जोहराभाभींना भाकऱ्या थापताना यायचा, आणि त्यांनी तो ब्लडप्रेशरच्या खात्यावर टाकला होता. शेठनी तर कानाच्या डॉक्टरकडे चकरा मारल्या होत्या. डॉक्टरनं मशीन दिलं. "मशीन घातल्यावर तर आणखी साफ येतो," शेठ म्हणाले. मला विचाराल तर मी ते पित्त समजत होतो. गेली कितीतरी वर्षं मी त्या आवाजावर सोडा पीत होतो. आख्खी बिल्डिंग एकच आवाज ऐकत होती, आणि प्रत्येकजण आपापल्या औषधाला दोष देऊन गप्प बसला होता.

बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्या मागच्या गल्लीत शेड चालू आहेत आणि त्यांची खडखड दिवसरात्र असते. तिला आम्ही आवाज म्हणतच नाही. ती असते म्हणून झोप लागते. हा त्यातला नव्हता. हा एकट्या लूमचा. पायाखालून येणारा. आणि आम्ही तिथं उभे असताना, भर दुपारी, दार सताड उघडं, रस्त्यावर केळीवाला ओरडतोय, अशा वेळी तो आला. खटाक खट. खटाक खट. फरशीतल्या बोल्टांमधून तळव्यांत चढला. पंख्याची लव जरा हलली. दिनानं माझा हात धरला. लहान होती तेव्हा धरायची तसा, एका बोटाला.

मग थांबला. जरा वेळ काहीच नाही. आणि पुन्हा सुरू.

"गाठ मारली," सीताबाई हळूच म्हणाल्या. "चांगोनं."

"चांगोनं कशी? अरशदनं," जोहराभाभी म्हणाल्या.

"अरशदभाय मुकादम व्हता. मुकादम काय गाठ मारतो? तो कारीगरांना शिव्या मारतो."

"ए सीता, तोंड सांभाळ. आधी सात वर्षं लूमवर होता तो, मग मुकादम झाला."

शेठ खाकरले. "बघा, शेड कुणाची? अब्बांची. लूम कुणाचे? अब्बांचे. मग आवाज कुणाचा?"

इथं मला राहवलं नाही. "शेठ, तुमच्या अब्बांनी लूमला कधी बोट लावलं होतं का? गल्ल्यावर बसायचे. आवाज येतोय लूमचा. गल्ल्याच्या ड्रॉवरचा येत असता तर मी पहिला म्हटलं असतं, अब्बा आले."

भूत मानत नसलेल्या माणसानं भुताच्या मालकीवरून भांडू नये हे मलाही कळतं. पण जिवंतपणी ज्याच्या घामावर मालकी सांगितली, मेल्यावर त्याच्या आवाजावरही सांगणार? मी चांगलाच तापलो. शेठही तापले. क्षितिजा जिन्यातून खाली आली, सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "नाशिकची बस सकाळी असते."

ती भूत मानत नाही, दादाला मानते.

दुसऱ्या दिवशी आख्ख्या बिल्डिंगला कळलं. पोरं पाठवायला कोणी तयार होईना. सल्ले मात्र यायला लागले. सीताबाई गुडघ्यांसाठी अकलोलीच्या गरम कुंडावर जातात. तिथलं पाणी बाटलीत आणून कोपऱ्याकोपऱ्यात शिंपडायचं त्यांनी ठरवलं. मी म्हटलं, त्या पाण्यानं तुमचे गुडघे नीट झाले का? जोहराभाभी म्हणाल्या, गेलेल्यांसाठी फातेहा पढू. शेठ म्हणाले, दोन्ही करा, खर्च सोसायटीचा. मी म्हटलं, काहीही होणार नाही, आपण मीटर बदलू, दिवे लावू, उजेडात पोरं आपोआप येतील.

मीटरसाठी मी विजेच्या कचेरीत अर्ज टाकला, की इथले लूम कधीच बंद झाले, मीटर घरगुती करा. तिथून तपासणीला एक सद्‌गृहस्थ आले. नेमका मी ड्युटीवर. शेडला कुलूप. ते बिचारे दारापाशी उभे राहिले, कान लावला, आणि शेरा मारून गेले: लूम चालू आहे.

मी कचेरीत धावलो. "साहेब, आत लूमच नाही."

"मी स्वतः ऐकलाय."

"ऐकलात, बरोबर आहे. पण तिथं लूम नाही."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दारू पिऊन आलोय. मग त्यांनी मीटरचा आकडा काढला. तो वर्षानुवर्षं जागचा हललेला नव्हता. साहेबांचा चेहरा उजळला.

"मीटर फिरत नाही आणि लूम चालू. म्हणजे चोरीची वीज."

आता सांगा, काय बोलणार? भुताला वीज लागत नाही, हे सरकारी टेबलावर कुठल्या भाषेत सांगायचं? आणि मी ते सांगितलं असतं तर भूत आहे असं कबूल केल्यासारखं झालं असतं. माझी तत्त्वं एका बाजूला, वीजचोरीचा आळ दुसऱ्या बाजूला. मी गप्प बसलो. आयुष्यात पहिल्यांदा.

नोटीस शेठच्या नावानं निघाली. खुलासा द्या, नाहीतर शेडला सील. तातडीनं मीटिंग. नोटीस वाचून होताच शेठ उभे राहिले.

"आमच्या अब्बांचा यात काही संबंध नाही," ते म्हणाले. "अब्बांनी लूमला कधी हात लावला नाही. गल्ल्यावर बसायचे. सुगतभाऊंनी हे सगळ्यांसमोर सांगितलंय. तो चांगोच असणार."

"आता झाला का चांगो!" सीताबाई कडाडल्या. "इतकं दिस अब्बा अब्बा करत व्हतास. चोरीचं नाव निघलं तर चांगो? माझ्या भावानं जल्मात चोरी न्हाय केली!"

"मग अरशद असेल."

जोहराभाभींनी नुसतं बघितलं. शेठ खाली बसले. मग सगळ्यांच्या माना हळूहळू माझ्याकडे वळल्या. दामू उरला होता.

मी उठलो आणि घरी आलो. घरी दिनाची बॅग पलंगावर. अर्धी भरलेली. क्षितिजानं दादाला फोन केला होता. दिना खिडकीत पुस्तक घेऊन बसली होती आणि एकाच ओळीवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत होती.

"पप्पा, नाशिकला लूम आहेत का?"

"मामाकडे बूट आहेत," मी म्हटलं. ती हसली नाही.

त्या दिवसापासून मी ड्युटीवरून सुटलो की तडक शेडमध्ये खुर्ची टाकून बसायचो. भुताला भेटायला नाही. पुरावा गोळा करायला. संध्याकाळी, लोक भाजी आणायला निघतात त्या वेळी. आवाज यायचा. मी त्याच्यावर डोळे वटारून बसायचो. एकच लूम, धीम्या चालीचा. खरा कारीगर एकटा चार-चार, सहा-सहा लूम सांभाळतो. मेल्यावर काम कमी झालं असावं, असा विचार माझ्या मनात आला आणि मी तो तिथल्या तिथं हाकलला.

एका संध्याकाळी आवाज आला नाही. मी वाट बघितली. नाहीच. पुढं चांगला येत राहिला, आणि आठवडाभरानं पुन्हा एका संध्याकाळी गप्प. मी बाहेर येऊन बघतो तर मागची गल्लीही गप्प. टपरीवर कारीगर अंघोळ करून, तेल लावून, चहा पीत उभे. शुक्रवार! भिवंडीत शुक्रवारी लूमला सुट्टी.

मी जिना तीन-तीन पायऱ्यांनी चढलो आणि कमिटीला गोळा केलं.

"शुक्रवारी भूत येत नाही!"

"येणारच नाही," शेठ म्हणाले. "मुसलमान आहे."

"माझा चांगो काय मुसलमान व्हता? भिवंडीत सुक्रवारी समद्यांनाच सुट्टी!"

"अहो, भुताला सुट्टी कशाला लागेल?" मी ओरडलो. "भूतबीत काही नाही! मागच्या गल्लीतल्या कुठल्यातरी शेडच्या पायाचा आणि आपल्या बिल्डिंगच्या पायाचा दगड एकमेकाला भिडलेला आहे. तिथला लूम दगडातून इथं वाजतो. तिथं सुट्टी, इथं सुट्टी. संपला विषय!"

सगळ्यांना आनंद व्हायला पाहिजे होता. जोहराभाभी उठल्या आणि डोळे पुसत घरात गेल्या. सीताबाई म्हणाल्या, "म्हंजे त्यो न्हाय तर." आणि त्याही गेल्या. विज्ञानाचा विजय झाला की माणसं टाळ्या वाजवतात असं मी वाचलं होतं. आमच्याकडे दारं लागली.

मी तपासणीवाल्या साहेबांना गोड बोलून पुढच्या शुक्रवारी आणलं. दार उघडून आत नेलं. त्यांनी कान लावला, वाकून बघितलं, बोल्ट मोजल्यासारखं केलं. शांतता. शेरा बदलला. नोटीस गेली, मीटर आलं, दिवे लागले. दिनाची बॅग पलंगाखाली परत गेली, पण क्षितिजानं ती रिकामी केली नाही. "बघू, टिकतंय का," म्हणाली.

अभ्यासिका सुरू झाली. मी भाषण केलं. अंधश्रद्धा, पायाचा दगड, शुक्रवार, सगळं आलं. पोरं आली ती कॉम्प्युटरसाठी. माझी गोष्ट त्यांनी डोक्यावर घेतली. राजाचं नाव सुगतकाका, तो संडासात बसून लग्नाला निघाला, आणि जन्मभर पत्रं लिहीत राहिला. हे शेवटचं पोरांना सुचलेलं नाही. त्यामागे शेठ आहेत. खालून येणारा आवाज आता सगळे ऐकायचे आणि कोणी लक्ष द्यायचं नाही. विज्ञानानं परवानगी दिलेला आवाज होता तो.

आणि मग एका बुधवारी दुपारी वीज गेली.

मी सुट्टीवर होतो, शेडमध्येच होतो. दिना भिंतीकडेच्या बाकावर, तिच्या आजूबाजूला बिल्डिंगमधली पोरं. पंखे थांबले. कॉम्प्युटर काळा झाला. पाठोपाठ मागच्या गल्लीतल्या शेड एकेक करून बंद पडल्या, पलीकडची गल्ली बंद पडली, आणि टेमघरपर्यंत भिवंडी मुकी झाली. अशी शांतता आम्हाला सोसत नाही. टपरीवरचे लोकसुद्धा अशा वेळी हळू बोलतात, घरात कोणी गेल्यासारखे.

दारातून ऊन आत आलं होतं आणि त्या उन्हात रुईची लव स्थिर होती.

खटाक खट. खटाक खट.

मी पायाचा दगड आठवायचा प्रयत्न केला. दगड होता, पण त्याच्या पलीकडच्या टोकाला चालू असलेला एकही लूम आख्ख्या गावात नव्हता. मला दिसत होतं ते एकच. आता पोरं किंचाळत पळणार, अभ्यासिका बंद, दिना नाशिकला. मी उठलो. म्हटलं, कोणी घाबरायच्या आत सगळ्यांना शिस्तीत बाहेर काढू.

"पप्पा," दिना वहीतून डोकं न काढता म्हणाली, "बसा ना."

"दिना, लाइट गेलीय. आवाज..."

"माहितीय. कधीची गेलीय." तिचं पेन चालूच होतं. "ऊन आहे तेवढं पुरतं. हा असला की माझं पटापट होतं. नाशिकला याच्याशिवाय कसं होणार होतं मला कळतच नव्हतं."

मी बघितलं. एकही पोर पळत नव्हतं. सगळ्यांच्या माना खाली, सगळी पेनं त्या तालावर चालली होती. ही पोरं लूमच्या आवाजात जन्मली, लूमच्या आवाजात झोपली. त्यांना शांततेची भीती वाटली असती, याची कशी वाटेल?

मी बसलो. पाय उचलून खुर्चीवर घेतले, मग लाज वाटून खाली ठेवले. आवाज तळव्यांतून वर आला.

मी लहान असताना आम्ही वरच राहायचो, आताच्याच घरात. खाली सगळी शेड खडखडत असायची, पण त्या गदारोळातून माझ्या आईला बाबांचा एक लूम थांबलेला बरोबर कळायचा. थापता थापता तिचा हात भाकरीवर थांबायचा. तार तुटली. ती वाट बघायची. लूम सुरू झाला की हातही सुरू. मी कितीदा तिला विचारलं, तुला कसं कळतं? ती म्हणायची, भाकरी जळेल, बाजूला हो.

आवाज थांबला.

शेडमधली सगळी पेनं थांबली. दिनाचंही. कोणी मान वर केली नाही. सगळी पोरं नुसती थांबली, हात वहीवर तसेच ठेवून, आणि वाट बघायला लागली. मीही मनात वेळ मोजायला लागलो.

खटाक खट.

पेनं चालायला लागली.

आत्मा मी मानत नाही, ते वर लिहिलंच आहे आणि त्यातला एक शब्द मी मागे घेत नाही. पण माझ्या बाबांना गाठ मारायला बरोबर एवढाच वेळ लागायचा. सीताबाई म्हणतील चांगोला, जोहराभाभी म्हणतील अरशदला. म्हणू देत. शेठना मात्र मी म्हणू देणार नाही.